गोळी चालू करताय, ती बंद कशी करायची तेही लिहा ना डॉक्टर

दुखण्यावरच्या गोळ्या लिहून देणाऱ्या समस्त डॉक्टर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगते. ओपीडीत आमच्या वाट्याला जी पाच मिनिटं येतात त्यात हे सगळं बोलून होत नाही, तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारलेला असतो, म्हणून इथे लिहितेय. कोणा एका डॉक्टरवर राग काढायचा नाहीये. होता राग, खोटं कशाला बोलू, पण आता निवळलाय.

माझ्या कमरेच्या ऑपरेशननंतरची पहिली चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीये. त्यावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहिलेली आहे, ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅमवाली. पुढे १-१-१, जेवणानंतर, १० दिवस. अॅसिडिटीची गोळी आहे, बद्धकोष्ठ झालं तर घ्यायचं पातळ औषधही आहे, टाके कधी काढायचे तीही तारीख आहे. एवढं नीट लिहिणारा माणूस निष्काळजी नव्हता हो. फक्त अकराव्या दिवशी काय करायचं तेवढं लिहायचं राहिलं.

अकराव्या दिवशी दुखत होतं. फोन केला, रिसेप्शनवरच्या बाईंनी आत विचारून सांगितलं, चालू ठेवा अजून १५ दिवस. मग पुढच्या व्हिजिटला अजून महिनाभर. मग कोणी काही म्हणालंच नाही आणि मी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहिले, त्याही मिळत राहिल्या. तिसऱ्या महिन्यात तीन गोळ्यांनी भागेना तेव्हा ‘लागली तर एखादी जास्त घ्या’ असं तोंडी सांगितलं गेलं. ही ‘लागली तर’ नावाची जी परवानगी असते ना, तिला तळच नसतो. लागायची. आठव्या महिन्यात मी दिवसाला सहा गोळ्यांवर होते, म्हणजे २२५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल, आणि गंमत बघा, मला मनापासून वाटत होतं की आपण पॅरासिटामॉलचीच जरा मोठी बहीण खातोय. हे अफूच्या जातकुळीतलं, मॉर्फिनच्याच दारातून शरीरात काम करणारं औषध आहे, हे आठ महिन्यांत मला एकदाही, एकाही माणसाने सांगितलं नाही. मी विचारलं नाही हे खरं, पण काय विचारायचं असतं हे माहीत असतं तर विचारलं असतं ना.

मग एका शनिवारी ठरवलं की बास आता. पाठ बरी होती, चालायला लागले होते, म्हटलं उगाच कशाला पोटात औषधं ढकलायची. रात्री दहाला शेवटची गोळी घेतली आणि स्ट्रिप कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.

रविवारी दुपारपर्यंत नुसत्या जांभया. झोप आलेली नाही आणि तरी एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. संध्याकाळी शिंका सुरू झाल्या, नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, तर घरात सगळे म्हणाले सर्दी झालीये, वाफ घे. रात्री पाय सुरू झाले. पाय सुरू झाले म्हणजे काय ते ज्याला झालंय त्यालाच कळेल, मुंग्या नव्हत्या, वातही नव्हता, आपण गादीवर पडलोय आणि पाय मात्र पळायला निघालेत असं काहीतरी. लाथा झाडत, कूस बदलत, उठून फेऱ्या मारत चार वाजवले. सोमवारी पोट सुटलं. अंगावर काटा आला तो जाईचना, ऊन अंगावर घेऊन बसले तरी हातावरचे केस उभे, आणि त्याच वेळी घामाने पाठ ओली. आणि एक विचित्र प्रकार म्हणजे मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं व्हायचं, चिर्र करून, क्षणभर. मंगळवारी संध्याकाळी मी मोरीत फरशीवर बसून रडत होते आणि कशासाठी रडतेय ते सांगता येत नव्हतं. नवरा दारात उभा राहून विचारतोय काय दुखतंय, आणि मी म्हणतेय सगळं.

त्या रात्री स्टूलवर चढून ती स्ट्रिप काढली. एक गोळी घेतली आणि घड्याळाकडे बघत बसले. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत नाक बंद, पाय शांत, काटा गेला, पोटही थांबलं. तीन दिवसांचा ‘ताप’ एका गोळीत उतरला. आराम वाटायला हवा होता, पण त्या क्षणाएवढी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावर पण वाटली नव्हती, कारण आपल्याला काय झालंय ते तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी तुमच्यातल्याच एकांकडे गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, या गोळीने असं होत नाही, व्हायरल असेल. मी म्हटलं, पण गोळी घेतल्यावर सगळं गेलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘दिवसाला किती घेता? आणि आणता कुठून?’ आवाज बदलला होता. एका मिनिटात मी पेशंटची संशयित झाले. अहो, तुमच्याच चिठ्ठीवर आणते, अजून कुठून आणणार!

आता मुद्द्यावर येते. मला झालं ते व्यसन नव्हतं, ते शारीरिक अवलंबित्व होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुम्हीच आम्हाला शिकवायचं, उलटं मला तुम्हाला लिहावं लागतंय. ओपिऑइड, म्हणजे याच अफूच्या जातकुळीतल्या, गटातलं कुठलंही औषध रोज, नियमित, काही आठवडे घेतलं की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, घेणारा साधू असो नाहीतर चोर. मेंदूच्या बुडाशी लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक ठिपका आहे, तो नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन सोडून शरीराला जागं, सावध ठेवतो. औषध त्याला दाबून धरतं. मग तो बिचारा दाबाखाली असूनही काम करायचं म्हणून जास्त जोर लावायला शिकतो, आणि एक दिवस तुम्ही वरचा हात काढून घेतला की त्या सगळ्या जोरासकट उसळतो. म्हणूनच विड्रॉलमध्ये, म्हणजे औषध तुटल्यावरच्या त्रासात, बरोबर उलटं सगळं होतं. गोळीने पोट बांधलं होतं, आता ते सुटतं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या, त्या मोठ्या होतात. गुंगी होती, तिथे डोळ्याला डोळा लागत नाही. हे एवढं साधं गणित मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी मोरीत बसून स्वतःला वेडी ठरवलं नसतं.

बरं, हे काही गूढ ज्ञान नाही. विड्रॉल मोजायची रीतसर पट्टी आहे, क्लिनिकल ओपिएट विड्रॉल स्केल, २००३ सालापासून छापील उपलब्ध आहे, ११ गोष्टी बघायच्या आणि मार्क द्यायचे. त्या अकरांत जांभया आहेत, नाक-डोळे गळणं आहे, अंगावरचा काटा आहे, अस्वस्थपणा आहे. (तिची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘काउज’, म्हणजे गायी, असा शब्द होतो, त्यामुळे लक्षात ठेवायलाही सोपी.) माझा रविवार-सोमवार त्या कागदावर ओळीने लिहिलेला होता. डोक्यातला करंट तेवढा त्यात नाही, कारण तो ट्रॅमाडॉलची खासियत. हे औषध ओपिऑइडचं काम करतं तसंच काही डिप्रेशनच्या गोळ्यांसारखं सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनांशीही खेळतं, त्यामुळे बंद करताना दोन वेगवेगळ्या औषधांचे विड्रॉल एकत्र येऊ शकतात. एका अभ्यासात विड्रॉलच्या साधारण दर आठ केसेसमधली एक अशी वेगळ्या तऱ्हेची निघाली होती, त्यात पॅनिक अटॅक, भास, संशय, हातापायांना विचित्र बधिरपणा असलं सगळं. म्हणजे ‘या गोळीने असं होत नाही’ हे उत्तर चूक होतं. माहीत नाही म्हणाला असतात तर मी एवढी दुखावले नसते.

व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, ओढ, लपवाछपवी, आयुष्याची घडी विस्कटणं. ते गोळ्या घेणाऱ्या काहींना होतंच, नाही म्हणत नाही मी, आणि ज्यांना होतं त्यांनाही ट्रीटमेंटच लागते, टोमणे नाही. पण २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत नुसता डोस वाढावा लागणं आणि नुसता विड्रॉल होणं हे निदानात मोजायचं नाही. तुमच्याच शास्त्राने आम्हाला दिलेली ही सूट तुमच्यापैकी निम्म्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. आणि त्याचा परिणाम काय होतो सांगू? पेशंट खरं बोलायचा थांबतो. सहा घेत असेल तर चार सांगतो. मग तुम्ही चारच्या हिशोबाने प्लॅन करता.

आता एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात फसवी आहे आणि जिच्यावर कोणी बोलत नाही. मला पहाटे चारला जाग यायची, कंबर ठणकायची, गोळी घेतली की थांबायची. मी याचा अर्थ काय लावला? की दुखणं अजून गेलेलं नाही, गोळी लागतेच. कोणीही हाच लावेल. पण रात्री दहाची गोळी पहाटे चारपर्यंत उतरत आलेली असते, ट्रॅमाडॉलचं अर्धं आयुष्यच, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण सहा तासांचं, आणि तो ठणका म्हणजे बऱ्याच अंशी दोन डोसांच्या मधला छोटा विड्रॉल होता. हाडं-सांधे दुखणं हे विड्रॉलचं लक्षणच आहे आणि ते जिथे जुनं दुखणं आहे तिथेच जाऊन बसतं. म्हणजे गोळी स्वतःच दुखणं लावते, स्वतःच काढते, आणि श्रेयही घेऊन जाते. पेशंटला आतून हे ओळखता येणं जवळपास अशक्य आहे. त्यात काहींना ओपिऑइडने वेदनेची जाणीव उलट वाढते, डोस वाढवावा तसं जास्त दुखतं, ती आणखी वेगळी भानगड. म्हणून ‘दुखत असेल तर चालू ठेवा’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात ठीक आहे, चौथ्या महिन्यात ते वाक्य म्हणजे चकवा आहे, पेशंट त्याच झाडाभोवती फिरत राहतो.

डोकेदुखीवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. महिन्यातले १० किंवा जास्त दिवस ओपिऑइड किंवा दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्या, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होऊ शकते. साध्या वेदनाशामकांना हीच मर्यादा १५ दिवसांची. तिथे निदान नाव तरी दिलंय या प्रकाराला. कमरेवाल्यांनी काय घोडं मारलंय?

आणि हे व्हायला वर्षं लागतात असं समजू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ मध्ये आकडे दिले होते. पहिल्यांदाच ओपिऑइड सुरू केलेल्या लोकांत, ज्यांना निदान एक दिवसाचं औषध मिळालं त्यांच्यातले सुमारे ६ टक्के वर्षभरानेही ते घेत होते, ८ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांत हा आकडा १३.५ टक्के, आणि ३१ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांत २९.९. आता यात जास्त आजारी माणसाला जास्त दिवसांचं औषध मिळतं हाही भाग असणार, तेवढी अक्कल मलाही आहे, सगळा दोष गोळीचा नाही. पण माझी ती ‘अजून महिनाभर’वाली चिठ्ठी कुठल्या रांगेत बसते ते मी बघितलंच.

तुम्हाला तरी कोणी नीट शिकवलं होतं का, हा प्रश्न मला नंतर पडला. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या ११,८८२ पेशंटना असं औषध दिलं गेलं आणि नोंद करण्यासारखं व्यसन फक्त चौघांना लागलं, असं त्यात होतं. भरती पेशंट, नर्स समोर उभी, घरी घेऊन जायची गोळी नाही. पुढे हेच पत्र ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तर ते ६०८ वेळा उद्धृत झालेलं निघालं, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी हे पेशंट हॉस्पिटलात भरती होते एवढीशी गोष्ट सांगितलीच नव्हती. मधल्या काळात १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन नावाचं ओपिऑइड औषध बाजारात आलं, आणि त्या कंपनीने, पर्ड्यूने, २००७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला की धोका कमी आहे असं दिशाभूल करणारं सांगून ते विकलं गेलं. म्हणजे पाच वाक्यांवर एक पिढी शिकली. तुमच्यातल्या काहींचे शिक्षक त्या पिढीतले असतील.

पण थांबा, मी ‘गोळ्या बंद करा’ म्हणायला आलेले नाही. हे पत्र वाचून उद्यापासून कोणी पेशंटच्या गोळ्या तडकाफडकी तोडल्या तर माझ्यावर उपकार होणार नाहीत. तोही प्रयोग होऊन गेलाय. २०१६ मध्ये सीडीसीने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मॉर्फिनच्या हिशोबाने, म्हणजे कुठल्याही ओपिऑइडची ताकद मॉर्फिनच्या मापात मोजून, दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या वर जाताना टाळा किंवा नीट विचार करा असं होतं. ती सूचना नवीन पेशंटचा डोस वाढवताना सांभाळून, अशा अर्थाची. बऱ्याच ठिकाणी तिची लक्ष्मणरेषा केली गेली आणि वर्षानुवर्षं जास्त डोसवर असलेल्या माणसांना खसकन खाली ओढलं गेलं. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, जाहीर इशारा द्यावा लागला की अवलंबून असलेल्या माणसाचं औषध एकदम बंद केल्याने गंभीर विड्रॉल, अनावर वेदना, मानसिक त्रास आणि आत्महत्याही झाल्यात. २०२२ ला सीडीसीने सूचना बदलून लिहिल्या. कॅन्सरचं दुखणं, ऑपरेशननंतरचे पहिले दिवस, शेवटच्या आजारातली माणसं, यांना हे औषध हात आखडता न घेता मिळालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मला स्वतःला पहिल्या आठवड्यात त्या गोळीने जे दिलं ते मी विसरणार नाही, मी कुशीवर वळू शकले त्या रात्री.

माझी सुटका एका दुसऱ्या डॉक्टरांनी केली. वेदनेच्या ओपीडीतले, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘एखादी गोळी चुकली तर काय होतं?’ बस. किती घेता, का घेता नंतर. त्या एका प्रश्नात त्यांना सगळं कळलं आणि मला रडू आलं. मग त्यांनी बाकी औषधं बघितली, कारण झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ट्रॅमाडॉलने सेरोटोनिनचा घोळ होऊ शकतो, शिवाय फिट्स कधी आल्यात का तेही विचारलं. हे प्रश्न मला आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणी विचारले.

मग एक तक्ता केला. दर दोन आठवड्यांनी दिवसाच्या हिशोबातून अर्धी गोळी कमी. म्हणजे एकूण डोसाच्या जेमतेम ८ टक्के. ते म्हणाले वर्षाच्या आत घेतलेली असेल तर आठवड्याला मूळ डोसाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि खालच्या टप्प्यात अजून हळू, वर्षाहून जास्त घेतली असेल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू, पण आपल्याला कुठे गाडी पकडायचीये. माझी गोळी साधी होती म्हणून कापता आली. जी हळूहळू सुटणारी, बारा-चोवीस तासांची गोळी असते ती कापायची नाही, चावायची नाही, कापली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. हे तुम्हाला पाठ असेल, आम्हाला स्ट्रिपवरच्या दोन इंग्रजी अक्षरांवरून कसं कळावं?

सहावरून चारवर यायला काहीच वाटलं नाही, मी फुशारले होते. चारवरून दोनवर येताना झोप गेली. आणि दोनच्या खाली जे काही झालं, बाप रे. कागदावर अर्धी गोळी ही अर्धीच गोळी दिसते, पण सहातली अर्धी आणि एकातली अर्धी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी ब्लेडने चतकोर तुकडे करायचे, पांढऱ्या बशीत, चष्मा लावून, आणि तुकडा जरा मोठा पडला की मनातून बरं वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. दोनदा मी अडकले, एकदा तीन आठवडे त्याच पायरीवर थांबले. ते म्हणाले, थांबणं म्हणजे हरणं नाही, फक्त वर चढू नका. पाय आणि घामासाठी त्यांनी क्लोनिडिन दिलं होतं, ते मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, त्या उसळलेल्या नॉरअॅड्रेनालिनला आवर घालतं, पण त्याने उठताना चक्कर येते म्हणून प्रेशर मोजत राहायचं. सहा महिन्यांचा तक्ता सात महिन्यांत संपला. शेवटच्या तुकड्यानंतरही दीड-दोन महिने झोप तुटक होती आणि कशात मन लागायचं नाही. हेही आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे घाबरले नाही.

आणि कंबर? ती दुखते, थोडी. सहा गोळ्या घेत असताना दुखायची त्यापेक्षा कमी. यावर काय बोलायचं!

एक गोष्ट त्यांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितली, ती तुम्ही प्रत्येकाला सांगा असं हात जोडून सांगते. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. महिनाभराने कधी फार दुखलं म्हणून जुन्या आठवणीने जुना डोस घेतला, तर कालपर्यंत पचणारा तोच डोस आज श्वास थांबवू शकतो, विशेषतः जास्त ताकदीच्या औषधांवर असलेल्यांना, आणि सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर बघायलाच नको. माणूस हलवून उठत नसेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील तर ‘झोपू दे त्याला’ म्हणायचं नाही, लगेच अॅम्ब्युलन्स. नॅलॉक्सोन नावाचं उताऱ्याचं औषध आहे, जिथे मिळत असेल तिथे जास्त डोसवाल्याच्या घरात ते असायला हवं. आणि उरलेल्या गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायच्या नाहीत. माझ्या राहिल्या होत्या, घरात पोरं असताना. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

केमिस्ट मंडळींनीही वाचलं तर बरं. आठ महिन्यांत माझी चिठ्ठी किती वेळा तुमच्या हातातून गेली असेल. तारीख तर दिसत होती तिच्यावर. ‘ताई, ही जुनी झालीये, एकदा डॉक्टरांना दाखवा’ एवढं कोणी म्हणालं असतं तर मी चिडले असते, पण गेले असते. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनचंही तेच, ती नसांच्या दुखण्याला हल्ली सर्रास दिली जातात, तीही एकदम सोडायची नसतात, आणि तीही लोक व्हिटॅमिनसारखी आणतात आणि व्हिटॅमिनसारखीच एक दिवस सोडून देतात.

तर डॉक्टर, मागणं फार नाही. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये याच विषयावर सूचना काढल्यात, अवलंबित्व लावू शकणारी औषधं सुरू करायच्या आधीच पेशंटशी बोला आणि संपवायचं कसं तेही ठरवा, असं त्यात आहे. तेवढं मोठं सगळं नसलं तरी चालेल. १-१-१ लिहिता तिथेच पुढे लिहा की पाचव्या दिवसापासून १-०-१, आठव्यापासून ०-०-१, मग बंद. पेनाचे तीन फटकारे. ‘ही ओपिऑइड आहे, दोन-तीन आठवड्यांच्या वर गेली तर आपलं आपण बंद करू नका, मला भेटा’ असा शिक्का बनवून घ्या पाहिजे तर, तारखेचा शिक्का असतोच की टेबलावर. आणि ‘लागली तर’च्या पुढे आकडा आणि शेवटची तारीख लिहा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या पेशंटना, तुम्ही रोज काही आठवडे अशी गोळी घेत असाल तर माझ्यासारखं शनिवारी रात्री ठरवून स्ट्रिप फेकू नका. आज ठरलेला डोस घ्या, डॉक्टरची वेळ घ्या, आणि जेवढ्या घेता तेवढ्याच सांगा. एकाने वाकडं तोंड केलं तर दुसऱ्याकडे जा.

त्या तरुण डॉक्टरांचा तक्ता पण मी ठेवलाय, पहिल्या चिठ्ठीसोबत, एकाच फाइलमध्ये. त्याच्या खाली त्यांनी पेनाने लिहिलंय, ‘रात्री फारच झालं तर मागच्या पायरीवर या आणि सकाळी मला कळवा. रागावणार नाही.’ तीन वेळा कळवलं. खरंच रागावले नाहीत.

उद्या सकाळी तुमच्या ओपीडीत कोणीतरी जुनी, घडी पडून फाटायला आलेली चिठ्ठी घेऊन येईल आणि म्हणेल, तेवढ्या गोळ्या लिहून द्या, बाकी काही त्रास नाही. लिहायच्या आधी त्याला विचारा, एखादी चुकली तर काय होतं. आणि मग तो बोलत असताना पुढचा नंबर पुकारू नका.

कळावे,
तुमचीच एक जुनी पेशंट